मुक्या दाढेचे गाऱ्हाणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले तेव्हा त्यांच्या मनात कामगार चळवळीवरचे व्याख्यान होते. करार, बोनस, कंत्राटी पद्धत, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने ह्यांवर आम्ही तास दीड तास सहज बोलू, अशी त्यांची खात्री होती. आम्ही उलट टपाली विषय कळवला तो दातांचा! आणि दातही तुमचेआमचे नव्हेत. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याने, जन्मापासून अधू झालेल्या माणसांचे. चालकांपैकी एका गृहस्थांनी हसून विचारले, "का हो, कामगारांचे प्रश्न संपले वाटते?" आम्ही म्हणालो, "संपले नाहीत. त्यांच्यातलाच एक प्रश्न घेऊन येतो आहोत."

आम्ही दंतवैद्य नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमची शाळा सातवीत सुटली. वैजापूरकडच्या खेड्यातून दुष्काळाच्या एका वर्षी ह्या शहरात आलो, कारखान्यात लागलो, आणि पुढे युनियनचे काम करता करता रात्री वाचनालयात बसून कायद्याची पुस्तके वाचली. आज जे सांगणार आहोत तेही तसेच, वाचून, विचारून आणि डोळ्यांनी पाहून जमवलेले आहे. औषधाचा प्रश्न येईल तिथे डॉक्टरांचाच शब्द प्रमाण मानावा, आमचा नव्हे.

आता हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते सांगतो. त्यात आमची चूक आहे, म्हणून ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यातला आमचा एक सभासद प्रेसवर काम करताना झोपला. प्रेस म्हणजे काय ते ज्यांच्या घरात वाळूजचा कामगार आहे त्यांना सांगायला नको. पत्रा खाली ठेवायचा, वरून ठोका पडायचा. डुलकी लागली त्या क्षणी शेजारच्याने त्याचा हात ओढला म्हणून बोटे वाचली. कंपनीने चार्जशीट दिली: कामावर झोपला. तीन आठवड्यांतली ही तिसरी वेळ होती. तो आमच्याकडे आला तेव्हा डोळे लाल, बोलणे तुटक. आमच्या मनात काय आले? हा पिऊ लागला. आम्ही त्याला दोन शब्द सुनावलेही. तो काही बोलला नाही. "भाऊ, एकदा घरी या," एवढेच म्हणाला.

रांजणगावात त्याची दहा बाय दहाची खोली. कोपऱ्यात गादीवर त्याचा मुलगा. वय एकोणीस वर्षे, पण अंगाने बारातेराचा दिसावा. हातपाय आखडलेले, मान एका बाजूला कललेली, छातीवर ओले लाळेरे. बोलता येत नाही, पण समजते सगळे. बाप आत आला की डोळे फुलतात. तो मुलगा वळलेल्या मुठीने आपल्याच गालावर मारत होता. आई म्हणाली, "तीन हप्ते झाले भाऊ, रातभर असंच चाललंय. जेवत न्हाई, झोपत न्हाई. कुनी म्हनलं नजर लागली, कुनी म्हनलं वय आलं, आता असंच व्हायचं. झोपेचं औषध दिलं, त्यानंबी काय झालं न्हाई." रात्रपाळी नसली की बाप त्याला मांडीवर घेऊन बसे, आणि सकाळी तसाच कामावर जाई. पिण्याची गोष्ट कुठल्या कुठे! तो माणूस तीन आठवडे झोपलाच नव्हता.

एका तरुण दंतवैद्य बाईंना आम्ही विनंती करून घरी आणले. त्यांनी आईला मुलामागे बसवले, त्याचे डोके तिच्या छातीशी टेकवले, बॅटरीचा उजेड टाकला आणि अर्ध्या मिनिटात सांगितले: खालची दाढ मुळापर्यंत किडली आहे, खाली पू झाला आहे. तुमच्याआमच्या दाढेला एवढे झाले असते तर पहिल्याच रात्री आपण गल्ली डोक्यावर घेतली असती. पुढे भूल देऊन ती दाढ काढली. तिच्याबरोबर आणखी चार दात काढावे लागले. दोन दिवसांनी मुलगा झोपला, आणि त्याच्याबरोबर ते सारे घर झोपले.

आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही. आम्ही तीस वर्षे हीच म्हण कामगारांच्या सभेत सांगत आलो. मागा, म्हणजे मिळेल. त्या खोलीत आम्हाला कळले की ही म्हण अपुरी आहे. ते पोर तीन आठवडे रडतच होते. आपल्या मुठीने जागा दाखवत होते. मागणीपत्र रोज येत होते, फक्त ते वाचणारा कोणी नव्हता. दुखणे दाढेचे होते आणि आम्ही सगळे म्हणत होतो, त्याचा आजारच तसा!

हेच आम्हाला आज सांगायचे आहे. दात किडणे हा ह्या आजाराचा भाग नव्हे. ते निराळे दुखणे आहे, बहुतांशी टाळता येणारे आहे, आणि ते टाळणे हे एक काम आहे. काम म्हटले की ते कोणाचे, किती वेळाचे, कोणत्या हत्याराने, हे ठरवावे लागते. ते ठरवले जात नाही, म्हणून दात जातात.

प्रथम ह्या अवस्थेविषयी थोडे. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. मूल फार आधी जन्मते, जन्मताना प्राणवायू कमी पडतो, कावीळ मेंदूपर्यंत चढते, संसर्ग होतो; कारणे अनेक आहेत. झालेली इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा कायमचा बिघडतो. विलायतेत विल्यम लिटल नावाचे डॉक्टर होऊन गेले. लहानपणच्या आजाराने ते स्वतःच एका पायाने अधू होते. त्यांनी १८६१ साली लंडनच्या वैद्यमंडळींपुढे ह्या मुलांवर निबंध वाचला, आणि पुढे बराच काळ ह्या अवस्थेला लिटलचा रोग म्हणत. जगात हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुले अशी असतात. आपल्या राज्यात मिठू अलूर ह्या मातेने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. ती मुलगी, मालिनी छिब, पुढे शिकली आणि स्वतःचे पुस्तक लिहून मोकळी झाली. हे अशासाठी सांगितले की हात वळलेला आहे, बोल फुटत नाही, म्हणजे बुद्धी नाही, असे कोणी समजू नये. काहींची बुद्धी मंद असते, कित्येकांची तल्लख असते. आणि ही मुले कायम मुले राहत नाहीत. ती विशीची, चाळिशीची, साठीची होतात. आपण मात्र त्यांना लेकरूच म्हणत राहतो, आणि लेकराचे दात काय, पडून नवे येतील, असे मानून चालतो.

आता त्यांचे दातच अधिक का किडावेत? दात काही निराळ्या मातीचे नसतात. वीस दुधाचे आणि मागून बत्तीस कायमचे, हा हिशेब त्यांनाही लागू आहे. फरक आहे तो तोंडाच्या कारभारात.

मिलर नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनमध्ये प्रयोग करून १८९० साली दाखवून दिले की तोंडातले जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात झिजवते. प्रत्येक खाण्यानंतर साधारण अर्धा तास हा हल्ला चालतो. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि दाताची थोडी डागडुजीही करते. निरोगी माणसाची जीभ हे मोठे झाडू आहे. जेवण झाले की ती गालांत, दाढांत फिरते आणि उरलेसुरले गोळा करते. मेंदूच्या पक्षाघातात हे झाडूच नीट चालत नाही. घास गालात तासन्‌तास बसून राहतो. चावणे अवघड, म्हणून आई मऊ, चिकट अन्न देते: दूधभात, शिरा, चहात बुडवलेले बिस्किट. ते बिस्किट म्हणजे दाताला लावलेले साखरेचे लुकण! शिवाय एका वेळी पोटभर खाता येत नाही, म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा थोडेथोडे. म्हणजे आम्लाचा हल्ला आठ-दहा वेळा. लाळेला सुट्टीच नाही.

कोणी म्हणेल, लाळ तर ह्यांची सारखी गळते, मग ती कमी कशी पडेल? लाळ जास्त तयार होते म्हणून गळत नाही. गिळता येत नाही म्हणून गळते. ओठांबाहेर गेलेली लाळ दातांच्या काय उपयोगाची? आणि लाळ थांबवायची औषधे दिली की तोंड कोरडे पडते. मग कीड अधिकच.

दुसरी गोष्ट औषधांची. ह्यांपैकी पुष्कळांना फिट येतात. त्यांची पातळ औषधे बहुधा गोड असतात, आणि ती रात्री, दात घासून झाल्यावर, झोपताना दिली जातात. फेनिटॉइन नावाच्या औषधाने पुष्कळांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. मग त्यांच्या खाली घाण साचते. म्हणून औषध बंद करायचे नाही! फिटचे औषध परस्पर बंद करणे जिवावर बेतते. औषध द्या, मग दात ओल्या फडक्याने पुसा किंवा घासा, आणि बिनसाखरेचे मिळते का ते डॉक्टरांना विचारा. एवढाच उलटा क्रम केला तरी बरेच साधते.

तिसरी गोष्ट, झोपेत दात खाणे. आपल्याकडे बायका म्हणतात, पोटात जंत झाले. जंताचे औषध देऊन हे दात खाणे थांबत नाही. ते स्नायूंच्या ताणातून येते आणि वर्षानुवर्षे दात झिजवते. काहींना जठरातले आंबट पाणी वर येते, त्यानेही दात आतून खरवडले जातात. काहींचे वरचे दात पुढे असतात. तोल जाऊन पडले की तेच आधी फुटतात. आणि ज्यांना नळीने अन्न दिले जाते त्यांचे दात घासायला नको, असे घरच्यांना वाटते. तोंडाने खातच नाही, मग घासायचे काय? पण नळीने जेवणाऱ्यांच्या दातांवर कीटण अधिक जमते, आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनळीत उतरले तर न्यूमोनिया होतो. त्यांचे तोंड तर अधिकच जपायचे.

हे सगळे ऐकून आई म्हणेल, कळते हो सगळे, पण तोंडच उघडत नाही त्याला काय करू? ब्रश लावला की जबडा आवळतो, ओकारी येते, मान मागे फेकली जाते. खरे आहे. म्हणून आम्ही आमच्या धंद्यातली रीत वापरतो. कारखान्यात नवे काम आले की युनियन चार प्रश्न विचारते: बसायची रीत कोणती, हत्यार कोणते, वेळ किती, आणि पाळी कोणाची? दात घासणे हे काम आहे असे एकदा मानले की हेच चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न बसायच्या रीतीचा. समोर उभे राहून, हनुवटी वर करून, डोके मागे झुकवून घासायला जाल तर त्याचे सारे अंग ताठते आणि पाणी श्वासनळीत जाते. मुलाला खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसवावे, पाय टेकलेले असावेत. घासणाऱ्याने मागे किंवा बाजूला उभे राहावे, त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवावे, एका हाताने हनुवटीला आधार द्यावा, आणि हनुवटी किंचित खाली, छातीकडे ठेवावी. गुडघे व नितंब वाकलेले राहिले की शरीराचा ताण उतरतो. ज्याला बसता येत नाही त्याला कुशीवर निजवावे, डोके उंच उशीवर घ्यावे, म्हणजे पाणी गालात साठते, घशात जात नाही. लहान मूल असेल तर दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून बसावे. मूल एकाच्या मांडीवर, डोके दुसऱ्याच्या मांडीवर.

दुसरा प्रश्न हत्याराचा. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश. मिश्री नको, राखुंडी नको, कोळसा नको. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. ज्याला थुंकता येत नाही त्याला नुसता थर लावावा आणि फेस ओल्या फडक्याने टिपावा. खळखळून चुळा भरायची गरज नाही. पेस्टचा अंश दातांवर राहिला तर तो फायद्याचाच आहे. आमच्या शहराला नळाच्या पाण्याची वाट पाहायची सवय कित्येक वर्षांची आहे. पण ह्या कामाला अर्धी वाटी पाणी पुरते, म्हणून पाण्याची सबब चालणार नाही.

ज्याच्या हातात थोडी जरी पकड आहे त्याला स्वतः घासू द्यावे. ब्रशची दांडी बारीक असते, ती वळलेल्या मुठीत राहत नाही. आमच्या त्या प्रेसवाल्या सभासदाने काय करावे? सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ घेतली, तिच्यात कापड ठासले आणि ब्रश पक्का बसवला. पोराची मूठ त्यावर बरोबर बसली. पहिल्या दिवशी त्याने ब्रश नाकाला लावला, दुसऱ्या दिवशी गालाला, आणि आठवड्याने दातांना. आता आधी तो घासतो, मग बाप त्यावर दुसरा हात फिरवतो. जो बाप जन्मभर मालकाच्या जिग-फिक्‍चरवर काम करत आला, त्याने पोरासाठी बनवलेले हे पहिले फिक्‍चर!

जबडा आवळला तर दातांमध्ये आपले बोट घालू नये. बोट फुटेल आणि त्याचा दोषही नसेल. ब्रश दातांत अडकला तर ओढू नये, दात हलतो. थांबावे, हनुवटी खाली घ्यावी, गाल कुरवाळावा. ताण उतरला की जबडा सुटतो. दुसऱ्या एका ब्रशच्या दांडीला कापड गुंडाळून ती मागच्या दाढांत आडवी ठेवली तर तोंड उघडे राहते. ही युक्ती दंतवैद्याकडून एकदा हाताने शिकून घ्यावी. आणि ज्याला तोंडाला स्पर्शच सोसत नाही त्याच्या बाबतीत घाई करू नये. आधी हात, मग खांदा, मग गाल, मग ओठ, मग हिरडी, असे दिवसामागून दिवस आत जावे. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे सोडू नये. रक्त येते ते घाणीमुळे. नियमाने हलके घासले तर आठ-पंधरा दिवसांत थांबते. न थांबले तर दाखवावे.

तिसरा प्रश्न वेळेचा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे. त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांना राखणदार उरत नाही. सकाळी जमले नाही तर दुपारी करावे, बाथरूममध्ये जमले नाही तर गादीवर करावे. एका वेळी सगळे तोंड होत नसेल तर सकाळी वरचे, दुपारी उजवे, रात्री डावे, अशी वाटणी करावी. अर्धे काम रोज झाले तर ते पूर्ण काम महिन्यातून एकदा होण्यापेक्षा बरे. गोड द्यायचेच असेल तर जेवणाबरोबर द्यावे, मधल्या वेळी नव्हे. बिस्किटाऐवजी मऊ पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी, आणि घास झाल्यावर गालात बोटभर फडके फिरवून उरलेले काढावे. तिथेही दातांच्या बाहेरच्या बाजूनेच.

चौथा प्रश्न पाळीचा, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे काम कोण करते? आई. जेवू घालणे, पुसणे, उचलणे, कपडे बदलणे, सगळे तीच करते. त्या रांजणगावच्या बाईच्या कमरेत इतकी कळ होती की तिला ताठ उभे राहता येत नव्हते. पोर एकोणीस वर्षांचे झाले, वजन वाढले, तिची ताकद कमी झाली. तिचे दात कोणी पाहिले आहेत का? कारखान्यात बारा तास सलग काम घेतले तर आम्ही गेटवर उभे राहतो. इथे एकोणीस वर्षे सलग पाळी चालली आहे, आठवड्याची सुट्टी नाही, बदली कामगार नाही, कोणत्याही मस्टरवर हजेरी नाही. अशा माणसाला आपण येऊन सांगणार, "बाई, आणखी दोनदा दातही घासा!" हा उपदेश नव्हे, हे ओझे झाले. म्हणून आम्ही सांगतो की रात्रीचा ब्रश बापाचा. बापाची रात्रपाळी असेल तर भावाचा, बहिणीचा, काकाचा. घरात हे ठरवावे आणि भिंतीवर लिहावे. ज्या पुरुषाला आपले पोर उचलायची लाज वाटत नाही त्याला त्याचे दात घासायची लाज वाटायचे कारण नाही.

आता दंतवैद्याकडे जाण्याविषयी. दुखल्यावर जाणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. पहिला दात आला की, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आत, एकदा दाखवावे. पुढे दर सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तर तीन महिन्यांनी. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. ती कोणताही दात न पडता गुपचूप येते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात, आणि आयुष्यभर पुरायची ती दाढ आधी किडते. तिच्या खाचा वेळीच बुजवून घेता येतात. दातांवर फ्लोराइडचा लेप देता येतो. त्याला दोन मिनिटे लागतात, सुई नाही, मशीन नाही. लहान कीड चांदीच्या एका औषधाने जागच्या जागी थोपवता येते. डाग काळा पडतो, पण दुखत नाही. जाताना सकाळची वेळ घ्यावी, फिटचे औषध नेहमीसारखे दिलेले असावे, सर्व औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने काहींचे रक्त लवकर थांबत नाही. दात काढण्यापूर्वी हे डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे. भूल देण्याची वेळ आली तर घाबरू नये, पण ती पूर्ण सोयीच्या रुग्णालयातच घ्यावी.

आपल्या शहरात घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, ते १९८२ सालापासूनचे. शेजारी मोठे रुग्णालय, शेजारी भूलतज्ज्ञ. अशी जोडी मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांतल्या माणसांनी केवळ ऐकलेली असते. ती आपल्या दाराशी आहे. तिचा उपयोग दुखण्याच्या आधी करून घ्यायला आपण शिकले पाहिजे.

आता कायद्याचे. हा आमचा प्रांत आहे, आणि आमची दुसरी चूकही इथलीच आहे. त्या मुलाला आधी का दाखवले नाही, असे आम्ही बापाला विचारले. तो म्हणाला, "पोरगा अठराच्या वर गेला. आता विम्याच्या कार्डावर चालत न्हाई म्हनून कुनीतरी सांगितलं." आम्ही घरी येऊन पुस्तक उघडले. राज्य कामगार विमा कायदा, १९४८. त्यात कुटुंबाची व्याख्या होती: जे मूल शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे दुर्बल आहे आणि सर्वस्वी विमेदार कामगाराच्या कमाईवर अवलंबून आहे, ते ते व्यंग असेपर्यंत कुटुंबातच मोजायचे. अठरा नाही, एकवीस नाही, व्यंग असेपर्यंत! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच ठेवली आहे. हा कायदा आम्ही तीस वर्षे सभांतून सांगत आलो. पगाराची मर्यादा सांगितली, आजारपणाचा भत्ता सांगितला, अपघाताची भरपाई सांगितली. हे एक वाक्य आम्ही कधी मोठ्याने वाचले नाही. आम्ही ते एकदा वाचले असते तर त्या पोराचे चार दात कदाचित तोंडात राहिले असते. दंतवैद्यांचा कायदाही त्याच १९४८ सालचा होता. एका वर्षी जन्मलेली ही दोन भावंडे, पण एकमेकांच्या घरी फारशी जात-येत नव्हती. ती जाणे-येणे सुरू करणे हे आमचे काम होते.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूचा पक्षाघात स्पष्ट नमूद आहे, आणि रुग्णालयात अशा व्यक्तीला तपासणीत व उपचारात अग्रक्रम द्यावा असे त्याच्या पंचविसाव्या कलमात सांगितले आहे. म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला रांगेत पुढे घ्या, असे म्हणणे ही भीक नव्हे, हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ह्या व्यक्तींसाठी निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. तिचे छत्र वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे, आणि दातांचे उपचार तिच्यात धरलेले आहेत. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याची पथके अंगणवाडीत आणि शाळेत अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. त्यांच्या यादीत हातापायांचा हा दोषही आहे आणि दातांची कीडही आहे. एकाच मुलाच्या नावापुढे दोन्ही रकाने पाहावेत, एवढे आपण त्यांना सांगायचे. आणि मूल शाळेत येतच नसेल तर पथकाला त्याच्या घरचा पत्ता आपण द्यायचा.

त्या चार्जशीटचे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही चौकशीत सगळे सांगितले. समोर बसलेला अधिकारीही कोणाचा तरी बापच होता. ताकीद देऊन प्रकरण मिटले. सभासदांनी आम्हाला हार घातला. तो आम्ही घेतला खरा, पण मनाला बरे वाटले नाही. नोकरी वाचली ही जीत असेल. काढलेले पाच दात ही जीत नव्हे. ते वाचवता येणारे दात होते.

म्हणून ह्या सभेपुढे आमचे मागणे मोठे नाही. आपल्या गल्लीत, वाड्यात, अपार्टमेंटमध्ये असे एखादे घर असेल. बहुधा त्याचे दार लोटलेले असते. तिथे जावे. विचारपूस करताना "कसा आहे?" एवढेच न विचारता "जेवतो का? झोपतो का? गालावर मारून घेतो का?" असे विचारावे. जो माणूस एकाएकी जेवणे सोडतो, हात तोंडाशी नेतो, रात्री ओरडतो, अंग जास्त आखडतो, त्याचे तोंड आधी पाहावे. स्वभाव, नजर, नशीब ह्यांचा विचार मागाहून. आठवड्यातली एक संध्याकाळ त्या आईला मोकळी द्यावी. आणि त्या घरातल्या पुरुषाला सायकलच्या मुठीची गोष्ट सांगावी.

संघटना म्हणजे काय, असे आम्हाला तरुण मुले विचारतात. आम्ही पूर्वी सांगत असू, ज्यांचा आवाज एकट्याने पोचत नाही त्यांनी एकत्र ओरडणे. आता त्यात थोडी भर घालतो. ज्याला ओरडताही येत नाही त्याच्या तोंडात वेळेवर बॅटरीचा उजेड टाकणे, हीही संघटनाच.